झुकून पाहणे



चेन्नईचे निसर्ग-छायाचित्रकार एम. कृष्णन (१९१२–१९९६) निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून केलेल्या यंत्राने कृष्णधवल फिल्मवर वन्यजीवन टिपत. जुने मॅक्रो भिंग लावलेला कॅमेरा हाती धरून फुलावरचा कीटक टिपणाराही त्याच वाटेचा प्रवासी. इतक्या जवळून स्पष्टता जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरांचीच लाभते. म्हणून तो भिंगाचे वलय एका अंतरावर स्थिर ठेवतो, कोपरे बरगड्यांशी टेकवतो, श्वास रोखतो आणि स्वतःच किंचित पुढे झुकतो. कीटकाचा डोळा स्पष्ट दिसताच कळ दाबतो. रोलमध्ये चित्रे ३६. निकाल फिल्म धुतल्यावरच.

मुलांना समजून घेतानाही त्यांना आपल्या अंतरावर ओढून चालत नाही. आपणच त्यांच्यापाशी झुकावे लागते, आणि चित्र उमटेपर्यंत धीर धरावा लागतो.