रान साफ करायचे, पण कधी?

(जालना जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंदा-हरळीचे रान आणि मोडलेली बाग साफ करायचा हंगाम कोणता, यावर बोलायला मला उभे केले आहे. मी शास्त्रज्ञ नाही. एकदा चुकीच्या महिन्यात रान साफ केले आणि पाच वर्षे भोगले, एवढीच माझी पात्रता.

2012 साली पावसाने आपल्याकडे पाठ फिरवली. 2013 च्या उन्हाळ्यात जालना, अंबड, बदनापूर, घनसावंगी, सगळीकडे मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कोणी टँकर घालून जगवल्या, कोणी सरपणाच्या भावात दिल्या. माझी अडीच एकर, पावणेतीनशे झाडे. उन्हाळाभर मी कुऱ्हाड उचलली नाही. पाऊस पडला की फुटतील, ही आशा. मृगात फुटलीही! शेजाऱ्याला कौतुकाने दाखवली. तो वाकून पाहून म्हणाला, "दादा, फुटवा डोळ्याच्या खालून आलाय. ही जंबेरी आहे, मोसंबी नाही." कलम मेले होते, नुसता खुंट जिवंत होता.

रागाच्या भरात आषाढात जेसीबी घातला. काळे रान, ओल टिच्चून. खोडे निघाली, पण मशीनच्या वजनाने जमीन अशी दाबली गेली की वर्षभर तिथे पाणी साचायचे. वरून रोटाव्हेटर मारला. बागेत ओळींच्या मधे कुंदा होताच. रोटाव्हेटरने त्याच्या मुळ्यांचे तुकडे केले, ओल तयारच होती, एकेका कांडीचा एकेक गड्डा झाला. पैसे देऊन मी कुंद्याची लागवड करून घेतली म्हणा ना!

तेव्हा भारी जमिनीपुरते माझे मत सांगतो. तूर किंवा हरभरा निघाला की आठ-दहा दिवसांत, रानात थोडी ओल आहे तोवर पलटी नांगर घाला. तेव्हा फाळ फूटभर खाली जातो आणि ढेकूळ मुळ्यांसकट उलटे पडते. चैत्र उजाडला की तेच रान दगड होते. नांगर वरच्यावर उड्या मारतो आणि डिझेल जास्त जळते. नांगरलेली ढेकळे फोडू नका. चैत्र-वैशाखाचे ऊन त्यांच्यात शिरू द्या, मुळ्या वाळून कडकडतील. रोहिणी लागायच्या आत वेचून घ्या. हे काम आपल्या मायबहिणींच्या कमरेवर पडते, म्हणून त्याची मजुरी खर्चात धरा. वेचलेला कुंदा नाल्यात टाकू नका, तो खालच्याच्या रानात उगवतो आणि भांडण वर येते. एका उन्हाळ्यात तो संपत नाही, दोन लागतातच.

मुरमाड रानाला एवढी घाई नाही. वळवाचा पाऊस झाल्यावरही ते नांगरते. वेडी बाभूळ मात्र कोणत्याही महिन्यात वरून छाटली तरी पुन्हा फुटते, बुडखा खणूनच काढावा लागतो. बांधावरचा आंबा, चिंच, सागवान तोडण्याआधी परवानगी घ्या, 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे.

कोणी म्हणेल, औषध मारू. ग्लायफोसेट हिरव्या, वाढत्या पानातून मुळापर्यंत उतरते. म्हणजे ते श्रावण-भाद्रपदाचे काम, उन्हाळ्यात वाळक्या पानावर मारणे म्हणजे पैसे ओतणे. त्यातही ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने आदेश काढला की हे औषध कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकानेच मारावे. असा परवानाधारक आमच्या शिवारात मी अजून पाहिलेला नाही.

आता खरी अडचण. फेब्रुवारीत नांगरायचे हे तुम्हाला माहीत नव्हते असे थोडेच आहे? पण पहिल्या वेचणीच्या कापसात खर्च निघत नाही, म्हणून आपण फरदड ठेवतो. रान मार्चपर्यंत अडते, बोंडअळीलाही घर मिळते. तूर विकून चार पैसे आले तर 31 मार्चची वसुली दारात उभी. हातात पैसा येतो तो मे महिन्यात, उसनवारीचा. तेव्हा सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो आणि तासाचा दर मालक सांगेल तो. उशीर आळसाने होत नाही, तोट्याने होतो. कृषी खात्याच्या पत्रकात नांगरटीचा महिना छापलेला असतो, त्या महिन्यात शेतकऱ्याच्या खिशात काय असते ते छापत नाहीत.

भाव मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असे मात्र मी म्हणत नाही. माझ्या अडीच एकरांपैकी मी आधी वीस गुंठेच धरले. तेवढ्यातली फरदड सोडली, डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली आणि वेळेवर नांगरले. दुसऱ्या वर्षी पुढचे वीस गुंठे. ज्यांची बाग वाळलेली आहे त्यांनी डोळ्याच्या वर नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर थांबा. तपकिरी, कोरडे लागले तर त्या झाडाला चुन्याचा पट्टा मारा आणि जमीन कोरडी असतानाच काढा. खड्डे ऊन खाऊ द्या, पावसाआधी बुजवा.

आमच्या गावात आम्ही सात जणांनी मिळून एकच ट्रॅक्टर लागोपाठ चार दिवस ठरवला, तेव्हा मालकानेच दर उतरवला. जुन्या इर्जिकीसारखेच, फक्त बैलांऐवजी डिझेल. ज्यांना असे करायचे असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपापल्या तालुक्याच्या टेबलावर नाव, गाव आणि किती गुंठे ते लिहून द्यावे. परतूर-मंठ्याच्या लोकांचे टेबल मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ आहे.