दान देण्यापूर्वी

दिवाळीच्या आठवड्यात आपल्या दारी दोन तऱ्हेचे लोक येतात. एक पोस्त मागणारे. ते ओळखीचे असतात, वर्षभर त्यांचे काम आपण पाहिलेले असते. दुसरे पावतीपुस्तक घेऊन येणारे. अनाथ मुलांना फराळ, पाड्यावर कपडे, असे काही निमित्त असते. अलीकडे पावतीपुस्तकही लागत नाही. फोनवर एका केविलवाण्या मुलाचे छायाचित्र येते आणि खाली पैसे पाठवण्याचा कोड. आपण हळहळतो, पाचशे रुपये पाठवतो आणि चकल्या तळायला घेतो. त्या पाचशांचे पुढे काय झाले, हे कोण विचारतो?

विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपला एक भाबडा समज आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मुठीमुठीने धान्य दिले. पण त्या धान्याची भाकरी कोणती पोरे खातात, हे बोर्डिंगाच्या दारात गेले की दिसत असे. आज देणारा बोरिवलीत आणि काम मेळघाटात. मधले अंतर कागदांनीच भरून काढावे लागते.

पहिला कागद नोंदणीचा. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थांची नोंद होते. पावतीवर तो क्रमांक पाहा. नसला तर खुशाल विचारा. फोनवरून पैसे पाठवताना संस्थेऐवजी भलत्याच माणसाचे नाव दिसले, तर तिथेच थांबा. मात्र नोंदणी हा झाला जन्माचा दाखला, वर्तणुकीचा नव्हे. आयकरातल्या सवलतीचेही तसेच. ती आपली सोय. तेवढ्यावरून मुले शिकतात की नाही, ते कळत नाही.

म्हणून मी म्हणतो, गेल्या वर्षाचा तपासलेला जमाखर्च मागा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते, कारण तो वाचणारा देणगीदार तिला क्वचितच भेटतो! त्यात पैसे आले किती, कामावर गेले किती आणि ठेवीत पडून राहिले किती, एवढे पाहा. ठेव असणे वाईट नाही. पण वर्षानुवर्षे ठेव फुगते आणि काम तेवढेच राहते, तर आपल्या पाचशांची तिथे निकड नाही.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. "आमचा कार्यालयीन खर्च काहीच नाही" असे एखादी संस्था अभिमानाने सांगते आणि आपण माना डोलावतो. पण मग हिशेब लिहितो कोण? मुलांना रात्री ताप आला तर जागते कोण? वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा पगार जमाखर्चात 'पगार' म्हणूनच दिसणार. मुलांच्या दृष्टीने तेच खरे काम आहे. पगार देऊ नका आणि काम मात्र चोख करा, हा आग्रह आपण आपल्या कचेरीत कधी धरतो का? खर्चाचा आकडा लहान आहे की मोठा, यापेक्षा त्या पैशात काय झाले, हे विचारावे. शंभर मुले दाखल झाली, हे उत्तर अपुरे. त्यांतली किती दहावीपर्यंत टिकली?

कपड्यांविषयीही बोलतो, कारण दिवाळीत कपाटे रिकामी होतात. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे लोटले. कित्येक ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले. कोळ्यांना हवी होती जाळी आणि होड्या. दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालणे त्यांना कमीपणाचे वाटले. यात चूक त्यांची नव्हती. काय हवे, ते कोणी आधी विचारलेच नव्हते. तेव्हा गाठोडे बांधण्याआधी संस्थेला एक फोन करा. वाहतूक आणि निवड यांचा खर्च तिलाच पडतो.

आणखी एक. दिवाळीत आश्रमांत लाडवांचे डबे इतके येतात की मुलांना ते संपवता येत नाहीत. वह्या, गणवेश, धान्य यांची ओढाताण होते जूनमध्ये, शाळा उघडताना, आणि तेव्हा दारी कोणी फिरकत नाही. यंदा पावतीपुस्तकवाले आले की त्यांना बसवा, फराळ द्या आणि विचारा, "जूनमध्ये तुम्हाला काय कमी पडते?" नेमके उत्तर आले, तर निम्मी रक्कम आत्ता द्या आणि निम्मी जूनसाठी पंचांगावर लिहून ठेवा.