जोडणी तुटेल, काम तुटू नये

मी काशीहून बोलतोय, दुर्गाघाटाच्या गल्लीतून. हा भाग पेशवाईपासून मराठी घरांचा. भिंती जाड, मोबाइलची रेंज खिडकीशी मिळते, आतल्या खोलीत नाही. लाइट गेली की वाय-फायही जातं. मी सांभाळतो ते सर्व्हर मात्र मुंबईत. म्हणून जोडणी तुटणार असं धरूनच मी कामाला बसतो.

दूरच्या सर्व्हरवर कमांड लाइनने शिरायचं ते एसएसएचमधून. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. एसएसएच तुमचं बोलणं गुप्त ठेवतं. जोडणी टिकेल याची हमी देत नाही.

जोडणी तुटली की सर्व्हरवरच्या तुमच्या प्रोग्रॅमला ‘हँगअप’ हा संकेत जातो. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडत, तेव्हाचं हे नाव: समोरच्याने फोन ठेवला. बहुतेक प्रोग्रॅम तिथेच थांबतात. समजा, एका दुकानाच्या हजारो नोंदी तुम्ही टप्प्याटप्प्याने बदलताय. अर्ध्या नव्या झाल्या, अर्ध्या जुन्याच राहिल्या. सकाळी गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल निघत नाही.

उपाय तीन.

पहिला, टीमक्स. सर्व्हरवर शिरताच ते सुरू करा आणि लांबणारं काम त्याच्या आत चालवा. टीमक्स सर्व्हरवर राहतं, तुमच्या लॅपटॉपवर नाही. जोडणी गेली तरी काम चालू. परत शिरा, ‘टीमक्स अटॅच’ म्हणा; तीच खिडकी समोर. सर्व्हरच बंद पडला, तर मात्र टीमक्सही जातं.

दुसरा, आपल्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० ठेवा. समोरून काही आलं नाही, तर दर ३० सेकंदांनी सर्व्हरला हाक जाते. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की साधारण दीड मिनिटात जोडणी तुटल्याचं कळतं. ही सोय मुळात बंद असते.

तिसरा, खिडकी गोठली, टाइप केलेलं उमटेना, तर एंटर, मग टिल्ड, मग टिंब दाबा. मेलेली जोडणी लगेच सुटते.

आज एक बिनमहत्त्वाचं काम टीमक्समध्ये लावा आणि मुद्दाम वाय-फाय बंद करा. पाच मिनिटांनी परत शिरा. काम चालू दिसलं, की मगच खऱ्या नोंदींना हात लावा.