खिशातील यंत्राचा मालक कोण?

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आणीबाणीत तुरुंगातील माणसाचे पत्र घरी पोहोचण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात असे. पण ते वाचले गेले आहे, हे लिहिणाराला ठाऊक असे आणि घरच्यांनाही. १९८६ साली पत्रे अडविण्याचा व्यापक अधिकार सरकारला देऊ पाहणारे टपाल दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याला संमती दिली नाही. १९८८ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणावरून रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रीपद सोडावे लागले. दुसऱ्याच्या खाजगी बोलण्यात कान घालणे लज्जास्पद आहे, एवढी जाणीव त्या काळी सार्वजनिक जीवनात उरली होती. आज पत्र, दूरध्वनी, बँकेचे पासबुक, घरातील छायाचित्रे आणि सभासदांची यादी हे सारे खिशातल्या एकाच यंत्रात आले आहे. आणि ते फोडले गेले तरी मालकाला पत्ता लागत नाही.

हे यंत्र म्हणजे शहरी चैन आहे, असे आता कोणी म्हणू नये. कळंब, भूम, परंड्याच्या शेतकऱ्याला २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर करावी लागते. अनुदान, विमा, ओळखपत्र यांचे सांकेतिक क्रमांकही त्याच यंत्रावर येतात. जे यंत्र हक्काचे दार झाले, त्याच दाराशी चोर येऊन बसला तर नवल कसले?

तो येतो कसा, हे पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हतीच. पत्रिकेचे सोंग घेतलेली ‘एपीके’ फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये नवे अ‍ॅप बसविणारी पुडी होती. ती उघडताच त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. असले मालवेअर आत शिरले की संदेश वाचण्याची परवानगी मागते, बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे धाडते, आणि पुष्कळदा मालकाच्याच नावाने ओळखीच्या माणसांना तीच फाईल पाठविते. ज्या समाजात लग्नाचे आवतण नाकारणे हा अपमान समजतात, तेथे चोराने पत्रिकेचे सोंग घ्यावे, ही त्याची धूर्तता होय. फसलेल्या माणसाला मूर्ख ठरविणे सोपे असते. वस्तुतः त्याने परिचितावर विश्वास टाकला, एवढाच त्याचा अपराध.

आता ‘सुधारलेल्या’ मोबाईलकडे वळू. कंपनी काही वर्षांनी जुन्या मोबाईलची सुरक्षा-दुरुस्ती थांबविते. यंत्र चालू असते, पण त्याची भोके बुजवायला कोणी उरत नाही. अशा वेळी जाणती तरुण मंडळी मूळ प्रणाली काढून लिनिएज-ओएससारखी मुक्त प्रणाली बसवितात. कंपनीच्या मक्तेदारीतून यंत्र सोडविण्याचा हा प्रयत्न तत्त्वतः योग्यच आहे. परंतु त्याची किंमतही समजून घेतली पाहिजे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्वतंत्र कोठडीत असते. एकाला दुसऱ्याचे कागद वाचता येत नाहीत. मोबाईल ‘रूट’ करणे म्हणजे सर्व कोठड्यांची एकच किल्ली तयार करणे. ती मालकाच्या हाती असेतो ठीक. मालवेअरच्या हाती पडली की एकही कोठडी सुरक्षित राहत नाही. बूटलोडर उघडा ठेवला, तर मोबाईल घटकाभर ज्याच्या हाती पडेल त्याला आत दुसरेच काही बसविता येते. म्हणून नुसत्या हौसेखातर रूट करू नये. मुक्त प्रणाली हवीच असेल, तर ती तिच्या मूळ ठिकाणाहून घ्यावी आणि तिची दुरुस्ती नियमित करावी. कोणी बदल केले याचा ठावठिकाणा नसलेला जुना मोबाईल संघटनेच्या कामाला वापरू नये.

पण यंत्रात बदल करणारा नेहमी मालकच असतो काय? २०२१ मध्ये हरियाणातील आशा कार्यकर्त्यांना दिलेल्या मोबाईलमध्ये ‘एमडीएम ३६० शील्ड’ हे अ‍ॅप आले. त्यातून आपल्या हालचालींवर पाळत ठेवली जाईल, म्हणून त्यांनी त्यास संघटित विरोध केला. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ आधीच बसविण्याचा आदेश काढला. देशभर टीका झाल्यावर ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घ्यावी लागली. संघटित विरोधापुढे सत्ता माघार घेते, हा यातला धडा.

आणि जेथे आदेश नसतो, तेथे पेगासस असतो. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे हे हेरतंत्र मालकाने काहीही न उघडताही आत शिरू शकते. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना सावध केले, त्यांत आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिला तपासलेल्या २९ पैकी ५ मोबाईलमध्ये मालवेअर आढळले. मात्र ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ज्या न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्याच न्यायालयाच्या समितीला सरकार उत्तर देत नसेल, तर नागरिकाने दाद कोठे मागावी? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राच्याच हाती ठेवला आहे.

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. कार्यकर्त्याने अनोळखी एपीके उघडू नये, मग ती सख्ख्या भावाच्या नावाने आलेली का असेना. आधी त्याला फोन करून विचारावे. अ‍ॅपने मागितलेली प्रत्येक परवानगी तपासावी. प्रणालीची दुरुस्ती टाळू नये. पैसे गेल्यास लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. कारण कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये त्याची एकट्याची गुपिते नसतात. गावच्या सावकाराविरुद्ध तक्रार करणाऱ्या शेतमजुराचे नाव तेथे असते, नवऱ्याचा मार खाऊन मदत मागणाऱ्या भगिनीचा पत्ता तेथे असतो. ती विश्वासाने दिलेली ठेव आहे.

परंतु केवळ वैयक्तिक सावधगिरीने हा प्रश्न सुटणार नाही. पाळतीवर न्यायालयीन नियंत्रण हवे, जुन्या मोबाईलनाही सुरक्षा-दुरुस्ती देण्याचे बंधन कंपन्यांवर हवे, आणि ज्याला मोबाईल चालविता येत नाही वा बाळगायचा नाही, त्याचेही सरकारी काम तलाठ्याच्या कार्यालयात झाले पाहिजे. जमीन कसणाराची, तसे यंत्र वापरणाराचे असले पाहिजे. ते तसे आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या खिशाला हात लावून विचारावा.