अक्षर कोण काढतं?



पत्रिकेत माझा विषय 'संगणक आणि मुद्रण : काल, आज, उद्या' असा छापलाय. ते नाव कार्यवाहांनी दिलं. कालमध्येच माझा वेळ जाईल, उद्याचं उद्या बघू. (हशा) मला सांगायचंय ते एवढंच, की वर्डमधून दिलेलं पान जुन्या प्रिंटरवर वेडंवाकडं आलं की लोक प्रिंटरला शिव्या घालतात, आणि प्रिंटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. अशा वेळी आधी एकच विचारावं : कागदावरचं अक्षर काढतंय कोण? प्रिंटर की संगणक?

विंडोजच्या आधीचा, डॉसचा काळ घ्या : वर्डस्टारमध्ये मजकूर लिहायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तेव्हा संगणक प्रिंटरला अक्षर पाठवतच नसे, फक्त आकडा पाठवी. कॅपिटल 'ए' म्हणजे ६५. तो दिसतो कसा, हे प्रिंटरच्या पोटातल्या चिपला ठाऊक. म्हणून इंग्रजी पत्र झरझर निघे. देवनागरी त्या चिपमध्ये नसायची. पुण्याच्या सी-डॅकनं देवनागरीसाठी संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड काढलं होतं, ते सोडून देतो. एरवी मराठी छापायची तर संगणकानं अक्षराचं चित्र करायचं, त्याच्या आडव्या पट्ट्या पाडायच्या आणि प्रिंटरनं मुकाट्यानं ठिपके ठोकायचे.

नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स घ्या. साध्या चित्रछपाईत त्यातल्या आठच पिना राबतात. दोन पिनांमधलं अंतर १/७२ इंच. म्हणजे एक पट्टी झाली की कागद बरोबर ८/७२ इंच सरकायला हवा. तो नेहमीच्या ओळीएवढा, म्हणजे १२/७२ इंच सरकला, की अक्षरातून पांढरा पट्टा जातो. शिरोरेघ वरच्या मजल्यावर, उकार तळघरात! लोक लगेच रिबन बदलतात. अहो, रिबनचा काय संबंध? ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या वतीनं प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, दुसऱ्याच प्रिंटरचा लावलाय तुम्ही!

एक पतसंस्था होती. गाव सांगत नाही, त्या गावचे दोघे समोर बसलेत. (हशा) मार्चअखेर. सभासदांचे खातेउतारे जोडकागदावर, कडेला भोकं असलेल्या त्या लांबच लांब कागदावर, छापायचे. पहिला उतारा झकास. दुसऱ्याचं शीर्षक एक इंच वर चढलेलं. तिसऱ्याचं दोन इंच. पुढे तर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या नावाखाली फाडली जाऊ लागली, आणि पतसंस्थेत याच्याइतकं वाईट काही नाही. पण तेराव्या उताऱ्याला चमत्कार झाला. जसाच्या तसा जागेवर! व्यवस्थापकांनी निदान केलं : यंत्र थंड असतं, बारा पानांनी तापतं, मग सुधारतं. त्यांनी हुकूम काढला की रोज सकाळी आधी बारा कोरी पानं सोडायची. शिपाई इमानानं सोडायचा. नंतरचा एक उतारा नीट यायचा, पुढचा पुन्हा वर. का? तर म्हणे पंख्यानं गार झालं. पंखा बंद झाला. एप्रिलच्या उन्हात ते सगळे घामाघूम होऊन प्रिंटरला ऊब देत बसलेले मी पाहिलेत.

भानगड अशी, की कागद होता १२ इंची, आपल्याकडे तोच चालतो. इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ७२. प्रिंटर मात्र ११ इंचांवर, ६६ ओळींवर बेतलेला. दर पानाला सहा ओळी कमी पडायच्या. अकरा इंचांचे बारा उतारे म्हणजेच बारा इंचांचे अकरा कागद, १३२ इंचांना हिशेब जुळतो, म्हणून तेरावा उतारा जागेवर! मागच्या बाजूचा एक बारीक खटका मी पलीकडे केला. व्यवस्थापक हळहळले, कारण पंखा बंद करण्याचं परिपत्रक निघालं होतं. (हशा)

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ म्हणताहेत, इथे अक्षराचा प्रश्न आला कुठे? आला, साहेब. पानाची लांबी कोण ठरवतं, ही त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. हसा खुशाल.

कार्यवाहांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! लेझर तर अजून सुरूही केला नाही. बरं, भराभर सांगतो.

१९८७ चा एचपी लेझरजेट दोन. मूळ मेमरी ५१२ केबी. इंग्रजी पानाला पुरून उरते. मराठी पान चित्र म्हणून गेलं, तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, भरगच्च पानाला सुमारे एक एमबी लागते. मग अर्धं पान एका कागदावर, उरलेलं दुसऱ्यावर. १५० डीपीआय करा, गरज चौथाईवर येते. अक्षर जरा जाडंभरडं दिसेल, पण पान अखंड निघेल.

दुसरं. पडद्यावर 'महाराष्ट्र' आणि कागदावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. ड्रायव्हरनं परस्पर प्रिंटरचा स्वतःचा फॉन्ट वापरला की हे होतं. सेटिंगमध्ये 'ट्रूटाइप ग्राफिक्स म्हणून छापा' निवडा.

तिसरं. पानभर आज्ञांची भेंडोळी निघतात, सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि 'पीएस'. ती पोस्टस्क्रिप्ट भाषा. दुसऱ्याच्या नावचं पत्र पोस्टमननं आपल्या दारात टाकलं आणि आपण ते मोठ्यानं वाचलं, तसं प्रिंटरचं झालंय. ड्रायव्हर बदला.

त्या मागच्या मुलाचा प्रश्न ऐकला मी. नवीन का घेत नाही? ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जा बाळा. चार प्रतींची बिल्टी असते. कार्बनमधून खालच्या प्रतीवर उठायचं तर पिनेनं ठोकावंच लागतं. शाई उडवणारं किंवा लेझरवालं यंत्र ते करेल कसं? उपहासानं बोललो असेन, तर माफ कर.

जुन्या वर्डमध्ये प्रिंटर बदलला की ओळी का सरकतात, हे राहिलंच. एका वाक्यात : वर्ड निवडलेल्या प्रिंटरकडे बघून ओळी मोडतो, म्हणून ज्या प्रिंटरवर छापायचं तो आधी निवडा आणि मगच पानं मोजा. आणि ज्यांची पीडीएफमधली जोडाक्षरं छापताना फुटतात, त्यांनी अ‍ॅडोबी रीडरच्या प्रगत पर्यायांत 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर टिक करावी. का, ते मला विचारू नका. तेच तर तासभर सांगतोय. घ्या, कार्यवाह, माईक घ्या.