पर्यावरण संरक्षण अधिनियम : दिल्लीपासून गावच्या वेशीपर्यंत



पंचायतीच्या कार्यालयात कधीकधी एक जाडजूड अहवाल येऊन पडतो. तो एखाद्या साखर कारखान्याच्या आसवनीविषयी असतो, एखाद्या रासायनिक प्रकल्पाविषयी असतो, नाहीतर खाणीविषयी. मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. त्याचा सारांश मात्र मराठीत जोडलेला असतो. ग्रामसेवक तो कपाटात ठेवतात आणि महिनाभराने गावात जनसुनावणीचा मांडव उभा राहतो. हा अहवाल पंचायतीकडे का पाठविला जातो आणि त्यामागे कोणता कायदा उभा आहे, याचा उलगडा पुष्कळदा सदस्यांनाही झालेला नसतो.

तो कायदा म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६. २३ मे १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली व १९ नोव्हेंबर १९८६ पासून तो अमलात आला. मूळ अधिनियमात अवघी २६ कलमे होती. पण ‘पर्यावरण’ या शब्दाची जी व्याख्या त्यात केली आहे ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. पाणी, हवा आणि जमीन एवढ्यावर ती थांबत नाही. या तिन्हींचे परस्परांशी असलेले नाते, तसेच माणसे, अन्य प्राणी, वनस्पती, सूक्ष्म जीव आणि मालमत्ता यांच्याशी असलेले त्यांचे नाते, या सर्वांचा समावेश तीत होतो. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. विहिरीचे पाणी बिघडले की जमीन बिघडते आणि जमीन बिघडली की गोठ्यातील जनावर खंगते, हे त्याला ठाऊकच असते. कायद्याला मात्र हे मान्य करण्यास बराच काळ लागला.

त्यापूर्वीचे कायदे एकेका अंगाचा विचार करणारे होते. जलप्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढाकार घेऊन १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला व १९७० मध्ये प्रदूषण मंडळ स्थापन केले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी तिला उपस्थित होत्या. त्यानंतर १९७४ मध्ये पाण्याचा आणि १९८१ मध्ये हवेचा केंद्रीय कायदा झाला. मध्यंतरी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. तरीही धोकादायक पदार्थांचा साठा किती करावा, तो कोठे करावा, अपघात झाल्यास कोणाला कळवावे, या प्रश्नांची पुरी उत्तरे ना पाण्याच्या कायद्यात होती, ना हवेच्या. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या दीड वर्षात हा अधिनियम संमत झाला.

हा कायदा स्वतः फार थोडे सांगतो. सांगण्याचा अधिकार तो केंद्र सरकारला देतो. कलम ३ अन्वये पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याचा, एखाद्या प्रदेशात उद्योगांवर बंधने घालण्याचा आणि त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा अधिकार केंद्राला आहे. कलम ५ अन्वये कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज वा पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. म्हणूनच याला छत्रीसारखा कायदा म्हणतात. या छत्रीखाली १९९१ ची सागरकिनाऱ्यासंबंधीची अधिसूचना आली, १९९४ व २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या अधिसूचना आल्या आणि २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियमही आले. गणेशोत्सवात रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावयास सांगणारा पोलीस शिपाई भोपाळनंतरच्या या कायद्याचीच अंमलबजावणी करीत असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अधिकार कागदावर असणे आणि तो वापरला जाणे यांत किती अंतर असते, हे डहाणू तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या वेळी ठाणे व आता पालघर जिल्ह्यात असलेला हा तालुका चिकूच्या बागांचा, मासेमारीचा आणि वारली आदिवासींच्या पाड्यांचा. २० जून १९९१ रोजी केंद्राने याच अधिनियमाखाली अधिसूचना काढून तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित केला. अतिप्रदूषक उद्योगांना तेथे मनाई करण्यात आली, उद्योगांसाठी संपूर्ण तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरवून देण्यात आली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखण्यात आला. पण पाच वर्षे अंमलबजावणी रेंगाळली. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाच्या आदेशावरून डिसेंबर १९९६ मध्ये कलम ३ खाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कायदा १९८६ चा, अधिसूचना १९९१ ची; पण त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी घेणारी यंत्रणा उभी राहण्यास आणखी पाच वर्षे लागली!

न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी या प्राधिकरणाचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र अधिसूचनेपूर्वीच मंजूर झालेले होते. त्याच्या धुरातील गंधकाचा अंश काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्ष उभी राहिली २००७ मध्ये. आठ वर्षांचा हा विलंब समर्थनीय नव्हे. परंतु आदेशाचा पाठपुरावा करणारे कोणी तालुक्यासाठीच नेमलेले नसते, तर ती यंत्रणा उभी राहिली असती की नाही याची शंकाच आहे.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव अमान्य केला होता. त्याच ठिकाणच्या नव्या व कितीतरी मोठ्या बंदराला ३१ जुलै २०२३ रोजी त्याने अटी घालून संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. देशाच्या व्यापाराला खोल पाण्याचे बंदर हवे, हे म्हणणे वजनदार आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, त्यांची चिंताही तितकीच खरी आहे. कायदा यांपैकी कोणाचीही बाजू आधीच ठरवून ठेवीत नाही. निर्णय कोणी, कोणत्या कसोट्यांवर आणि कोणाचे ऐकून घ्यावयाचा, एवढेच तो ठरवितो. म्हणूनच त्या ऐकून घेण्याला महत्त्व येते.

त्याआधी शिक्षेविषयी दोन शब्द. मूळ अधिनियमात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात फिर्याद करता येत असे. अर्थात साठ दिवसांत पुरावा नाहीसा करणाऱ्यालाही भरपूर अवधी मिळे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने हे चित्र बदलले. १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली असून ती न्यायनिर्णय अधिकारी ठरवितो. ती न भरल्यास मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शासकीय खातेच दोषी ठरले तर खातेप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ वेतनाइतकी शास्ती भरावी लागते. कैदेची तरतूद गेल्याने कायद्याचा धाक ओसरेल, असे काहींना वाटते. फौजदारी खटले वर्षानुवर्षे चालण्यापेक्षा शास्ती लवकर वसूल होईल, असे इतर म्हणतात. कोणाचे अनुमान खरे ठरते, हे शास्ती किती तत्परतेने लावली जाते यावर अवलंबून राहील.

आता जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेनुसार ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष असतात. किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते. सुरुवातीला उल्लेखिलेला अहवाल पंचायतीकडे येतो तो याच काळात कोणालाही पाहता यावा म्हणून. त्याची जागा कपाटात नव्हे. शाळेतील शिक्षकाने मराठी सारांश ग्रामस्थांना वाचून दाखविला, तर पाण्याचा उपसा किती, सांडपाणी कोठे सोडणार, राख कोठे टाकणार, हे प्रश्न तेथेच उभे राहतात. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. गाव आले नाही म्हणून ती रद्द होत नाही. दहा माणसांतही ती पुरी होते. उपस्थित प्रत्येकास अर्जदाराकडे खुलासा मागता येतो, लेखी म्हणणेही देता येते. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे व त्यांवरील अर्जदाराचे म्हणणे पुढे पंचायतीच्या कार्यालयात ठळकपणे लावावे लागते. गोषवारा वाचला जातो तेव्हा मांडवातील बहुतेक खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. आपला मुद्दा त्यात नोंदला गेला आहे की नाही, हे मात्र त्याच वेळी कळते.