वाढवणची साखळी कोठे तुटणार?



वाढवणची चर्चा निघाली की समुद्राच्या वीस मीटर नैसर्गिक खोलीचे गुणगान सुरू होते. ती खोली खरी आहे. परंतु आपल्यासारख्या देशांत बंदराची साखळी बहुधा तुटते ती पाण्यात नव्हे, जमिनीवर. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याला जोडणाऱ्या पश्चिम मालवाहू रेल्वेमार्गाचा वैतरणेपासूनचा टप्पा २०२४ सालीही अपुराच होता.

आपल्या तारापूर औद्योगिक क्षेत्राचेच पाहा. रसायने, औषधे, कापड, पोलाद असा निर्यातीचा माल घेऊन बोईसरहून निघालेला कंटेनर चिल्हार फाट्याला महामार्ग गाठतो आणि घोडबंदर-ठाण्याच्या कोंडीत सापडतो. अवजड वाहनांना बंदीची वेळ असली की रस्त्याच्या कडेला तिष्ठत राहायचे. मोठा कारखानदार हा विलंब सोसू शकतो. ज्याच्यापाशी अख्खा कंटेनर भरण्याइतका मालच नाही, तो लहान उद्योजक मात्र दलालाच्या हाती जातो. वाढवणमुळे अंतर घटेल; दलाली घटेलच, असे नाही. त्यासाठी लहानांचा माल एकत्र भरून देणारे सहकारी केंद्र बोईसरलाच हवे.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. त्यात धक्के बंदर कंपनीकडे, महामार्गाची जोड रस्ते मंत्रालयाकडे, रुळांची जोड रेल्वे मंत्रालयाकडे. धनी तीन! एकाने दिरंगाई केली तर जाब कोणी कोणाला विचारायचा?

आणि या किनाऱ्यावर एक साखळी आधीपासून उभी आहे, हे नियोजनकारांच्या गावीही नसते. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था काढल्या. बर्फ, डिझेल आणि पापलेटची विक्री एका सूत्रात आणली. होडीपासून बाजारापर्यंतची ही पुरवठा साखळीच आहे, फक्त तिला कोणी तसे नाव दिले नाही. वाढवणच्या बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालण्याची योजना आहे. याच बंदराला न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली संमती दिली. समुद्र तोच आहे.

म्हणून आमची मागणी अशी की, रस्ता, रूळ आणि धक्का यांचे वेळापत्रक ठरविणारे एकच उत्तरदायी मंडळ नेमावे आणि त्यात मच्छीमार, कामगार व लहान उद्योजक यांना मताधिकारासह जागा द्यावी. मासेमारीच्या नुकसानीची गणना भराव पुरा होण्याआधी व्हावी, तीही गावसभेत, सर्वांसमक्ष.